लुडविग रॉस: जळक्या थराखालचं खापर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ग्रीक-रोमन पुरातत्त्वाच्या इतिहासात आधी विंकेलमान भेटतो आणि मग एकदम ट्रॉय खोदणारा श्लीमान. मधल्या शंभर वर्षांत जर्मन अभ्यासकांनी काय केलं? लुडविग रॉस या नावापुढे सगळीकडे एकच ओळ सापडते, की अथेन्सच्या अक्रोपोलिस या टेकडीवरचं नीकेचं मंदिर त्याने पुन्हा उभं केलं. त्याचं महत्त्व तेवढंच का?’

तेवढंच नाही. आणि माझ्या मते ते मंदिर हे त्याचं सर्वांत मोठं कामही नाही. माझं आयुष्य महाराष्ट्रातल्या उत्खननांत खापरं मोजण्यात आणि मातीचे थर वाचण्यात गेलं. ग्रीक शिल्पकलेवर अधिकाराने बोलणारे दुसरे आहेत. पण जमिनीत खाली जाताना माणूस नेमका काय विचार करतो, हे मला ठाऊक आहे. त्या नजरेने पाहिलं, तर रॉस हा माझ्या धंद्यातला फार जुना सहकारी वाटतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्याच्यापूर्वीची परिस्थिती. योहान योआखिम विंकेलमान (१७१७–१७६८) याने १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास लिहिला. शैली बदलत जाते, त्या बदलाला क्रम असतो आणि त्या क्रमावरून काळ सांगता येतो, हा विचार त्याने पक्का केला. त्याची थोरवी कमी करायची नाही. पण तो ग्रीसला कधीच गेला नाही. रोममध्ये जमवलेल्या मूर्ती, त्यांतल्या बऱ्याचशा रोमन काळातल्या नकला, आणि प्राचीन लेखकांचे ग्रंथ एवढ्यावर त्याने इमारत उभी केली.

पुढची पिढी एडुआर्ड गेरहार्डची (१७९५–१८६७). १८२९ मध्ये रोममध्ये पुरातत्त्वीय पत्रव्यवहाराची संस्था निघाली, तिच्यामागची मुख्य धडपड त्याची. आजच्या जर्मन पुरातत्त्व संस्थेचं मूळ तेच. त्याच सुमारास, १८२८ पासून, इटलीत वुल्ची इथल्या एत्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या तिथल्या लोकांच्या) थडग्यांतून रंगीत चित्रांची भांडी निघू लागली, थोड्याच काळात तीन हजारांहून अधिक. गेरहार्डने १८३१ मध्ये त्यांचा मोठा अहवाल छापला. आकार, चित्रशैली, त्यांवरची अक्षरं, विषय असं सगळं त्याने लावून दाखवलं. एक वस्तू पाहिली त्याने काहीच पाहिलं नाही, हजारो पाहिल्या त्याने एक पाहिली, अशा अर्थाचं त्याचं लॅटिन सूत्र होतं. खापरं हाताळणाऱ्या कुणालाही ते लगेच पटेल.

पण एक अडचण त्या हजारो भांड्यांनाही सोडवता येत नव्हती. भांडी निघाली होती थडग्यांतून, आणि तीही खजिना लुटावा तशा घाईने उपसलेल्या. कुठलं भांडं कशाच्या वर होतं, कशाच्या खाली, याची नोंद नाही. काळ्या आकृतींची भांडी आधीची आणि लाल आकृतींची नंतरची, हा क्रम शैलीवरून कळत होता. पण ‘नंतरची’ म्हणजे कधीची? लाल आकृतींची शैली इतकी सफाईदार, की ती पर्शियन युद्धांच्या (इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या) आधीची असेल असं अभ्यासकांना वाटत नव्हतं. शैलीचा क्रम म्हणजे दोरीला मारलेल्या गाठी. गाठी मोजता येतात, पण त्या दोरीचं एक तरी टोक खुंटीला बांधलेलं हवं. ही खुंटी रॉसला सापडली, अक्रोपोलिसच्या मातीत.

रॉसचा जन्म २२ जुलै १८०६ चा, होल्श्टाइन प्रांतातल्या बोर्नह्योवेड इथला. हा प्रांत जर्मन भाषिक, पण राजा डेन्मार्कचा. शिक्षण कील विद्यापीठात, अभिजात भाषांचं. १८२९ मध्ये अरिस्तोफानेसच्या एका नाटकावर त्याने डॉक्टरेट मिळवली, म्हणजे मूळचा पिंड ग्रंथ वाचणाऱ्याचा. मग डेन्मार्कच्या राजाकडून प्रवासासाठी वृत्ती मिळाली आणि १८३२ च्या उन्हाळ्यात तो ग्रीसला पोहोचला. वय सव्वीस.

तो ग्रीस कसा होता, हे डोळ्यांपुढे आणायला हवं. १८२१ पासूनचं स्वातंत्र्ययुद्ध नुकतंच संपलेलं. राजधानी नाफ्प्लियोला. १८३३ च्या सुरुवातीला बव्हेरियाचा अल्पवयीन राजपुत्र ओटो राजा म्हणून आला, त्याच्याबरोबर बव्हेरियन सैन्य आणि कारभारी आले. अथेन्स म्हणजे वेढ्यांमध्ये पडझड झालेलं लहानसं गाव. अक्रोपोलिसवर १८३३ च्या वसंतापर्यंत तुर्की शिबंदी होती. ती गेल्यावर तिथे बव्हेरियन शिपाई राहायला आले. पार्थेनॉन या अथेनादेवीच्या मोठ्या मंदिराच्या आत एक छोटी मशीद उभी होती, सभोवती घरं, तटबंदी, तोफांचे चौथरे आणि दगडांचे ढीग. आपण चित्रात पाहतो तो मोकळा, पांढरा, चार इमारतींचा डोंगर तेव्हा कुणीच पाहिलेला नव्हता.

१८३३ मध्ये रॉसला दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीजच्या प्राचीन वास्तूंच्या देखरेखीचं काम मिळालं. १८३४ मध्ये नव्या राज्याने प्राचीन वस्तूंच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच वर्षी रॉस साऱ्या देशाचा मुख्य पुरातत्त्व अधिकारी झाला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. हाताखाली प्रशिक्षित माणूस जवळजवळ नाही, पैसा तुटपुंजा, वस्तू ठेवायला जागा म्हणून थेसियोन नावाने ओळखलं जाणारं एक प्राचीन मंदिर. सुरुवातीच्या वर्षांतलं अथेन्सचं वस्तुसंग्रहालय तेच.

त्याच उन्हाळ्यात म्युनिकचा राजवास्तुकार लेओ फॉन क्लेंत्से अथेन्सला आला. बर्लिनच्या शिंकेल या वास्तुकाराने तर अक्रोपोलिसवरच राजवाडा बांधायचा आराखडा काढला होता. तो बारगळला, हे जगाचं भाग्यच. क्लेंत्सेने आग्रह धरला, की हा डोंगर यापुढे किल्ला राहू नये, तो स्मारक व्हावा. सप्टेंबर १८३४ मध्ये राजाच्या उपस्थितीत समारंभ झाला, पार्थेनॉनच्या खांबाचा एक दगड विधिपूर्वक हलवण्यात आला आणि मधल्या काळातली सगळी बांधकामं काढून टाकायचं धोरण जाहीर झालं. शिपाई हलले आणि १८३५ मध्ये काम नीट सुरू झालं. प्रत्यक्ष काम रॉसचं, सोबत एडुआर्ड शाउबर्ट आणि डॅनिश क्रिस्टियन हान्सेन हे दोन वास्तुकार.

नीकेच्या मंदिराची गोष्ट इथली. विजयदेवता अथेना नीके हिचं हे चिमुकलं मंदिर, पुढे चार आणि मागे चार आयोनिक खांबांचं, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेलं. १६७६ च्या सुमारास आलेल्या युरोपीय प्रवाशांनी ते उभं पाहिलं होतं. नंतर व्हेनिसच्या स्वारीच्या धास्तीने तुर्कांनी ते उतरवलं आणि त्याचे दगड प्रवेशद्वारापुढच्या तोफांच्या बुरुजात घातले. १६८७ मध्ये व्हेनिसच्या माऱ्याने पार्थेनॉनमधल्या दारूकोठाराचा स्फोट झाला, तीच ही स्वारी. पुढे दीडशे वर्षं नीकेचं मंदिर नाहीसंच होतं. रॉसच्या माणसांनी तो बुरुज उतरवायला घेतला आणि एकामागून एक घडीव दगड निघू लागले. खांबांचे तुकडे, तुळया, शिल्पपट्ट. जोतं जागेवरच होतं. तिघांनी दगड जुळवले आणि १८३५–३६ मध्ये मंदिर पुन्हा उभं राहिलं. चपलेचा बंद सोडणाऱ्या नीकेचं प्रसिद्ध शिल्प याच कामात मिळालं. शिल्पपट्टाचे चार तुकडे लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने आधीच लंडनला नेले होते, त्यांच्या जागी पुढे नकला बसवल्या गेल्या. १८३९ मध्ये तिघांनी मिळून या मंदिरावर मोजमापांसह सचित्र ग्रंथ काढला. हे महत्त्वाचं आहे, कारण काम करून मोकळं होणारे पुष्कळ असतात, काम छापणारे थोडे.

ही पुनर्रचना कायमची ठरली नाही. १९३० च्या दशकात मंदिर पुन्हा पूर्ण उतरवून बांधावं लागलं, आणि २००० ते २०१० या काळात आणखी एकदा. प्रत्येक वेळी काही दगड त्यांच्या खऱ्या जागी गेले. मला यात रॉसचा दोष दिसत नाही. पहिल्यांदा जुळवणाऱ्याने मोजमापं नोंदवून ठेवली, म्हणून पुढच्यांना त्याच्या चुका सापडल्या.

दोष आहे तो दुसरीकडे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. मंदिर मिळावं म्हणून जो बुरुज पाडला, तोही इतिहासच होता. बायझंटाइन, फ्रँक, तुर्की अशी हजार-बाराशे वर्षांची वस्ती त्या डोंगरावर होती. त्या काळाची बांधकामं अडगळ समजून काढली गेली आणि त्यांच्या नोंदी फारच त्रोटक राहिल्या. आज आम्ही खोदायला लागलो की गावाचा सगळ्यात वरचा, परवापरवाचा थरसुद्धा नोंदवतो. मराठेशाहीतलं कौल आणि सातवाहनांचं खापर या दोहोंना सारखीच चिठ्ठी बांधतो. रॉसची पिढी तसं मानत नव्हती. धोरण राजाचं आणि क्लेंत्सेचं खरं, पण रॉसही त्याच मताचा होता. डोंगर ‘शुद्ध’ करायच्या या हौसेने जे गेलं ते परत येणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

पार्थेनॉनच्या दक्षिणेला मूळ खडक उताराने खाली जातो. त्यामुळे तिथे जोत्याखालचा पाया फार खोल आहे, आग्नेय कोपऱ्याकडे तर १० मीटरहून जास्त. पाया आणि दक्षिणेचा तट यांच्यामधली पोकळी प्राचीन काळीच भरावाने भरून काढलेली. १८३५–३६ मध्ये रॉसने इथे पायाच्या कडेने खाली जायला सुरुवात केली. शोध अर्थातच शिल्पांचा होता. १६८७ च्या स्फोटात उडालेलं काहीतरी मिळेल, ही आशा. पण खाली जाता जाता त्याने चराच्या भिंतीकडे पाहिलं.

हे वाक्य साधं वाटेल, पण त्या काळी कोणी तसं पाहत नसे. मजूर खाली जात, घमेली वर येत आणि साहेबाची नजर घमेल्यावर असे. रॉसने पाहिलं की भराव एकजिनसी नाही. दगडाच्या कपच्यांचे थर आहेत, संगमरवराच्या कपच्यांचे वेगळे आहेत, मध्ये माती आहे. कपच्या म्हणजे पाथरवटांचा कचरा. मंदिर बांधताना घडाई झाली, चुरा तिथेच पडला आणि भरावात गेला. म्हणजे हे थर बांधकामाच्या काळातच, क्रमाने, एकावर एक पडले आहेत. आणि या सगळ्याच्या खाली होता एक जळका थर: कोळसा, जळक्या लाकडाचे अवशेष, तापलेली माती, त्यात कांशाच्या लहान वस्तू, मातीच्या मूर्तींचे तुकडे आणि खापरं.

त्याचा विचार असा. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याने अक्रोपोलिस जाळलं, हे ग्रीक इतिहासकारांनी नोंदवून ठेवलेलं आहे. आज उभा असलेला पार्थेनॉन अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळातला, इ.स.पू. ४४७ नंतरचा. त्याच्या बांधकामाच्या कचऱ्याखाली जो जळका थर दबलेला आहे, तो पर्शियनांच्या जाळपोळीचाच असला पाहिजे. म्हणून त्या थरातलं प्रत्येक खापर ४८० च्या आधीचं. आणि त्या खापरांत लाल आकृतींच्या भांड्याचा तुकडा होता.

म्हणजे सगळे अभ्यासक जी शैली पर्शियन युद्धांनंतरची मानत होते, ती युद्धांच्या आधीच अथेन्समध्ये प्रचारात होती. वुल्चीच्या तीन हजार सुबक भांड्यांना जे जमलं नाही, ते या फुटक्या तुकड्याने केलं. कारण त्याचा पत्ता माहीत होता.

याच खोदाईतून त्याला आणखी एक गोष्ट दिसली. तो प्रचंड पाया वरच्या मंदिराला तंतोतंत बसत नाही. तो आधीच्या एका मंदिरासाठी घातलेला असावा, असं त्याने मांडलं. पेरिक्लीसच्या आधी तिथे एका पार्थेनॉनचं काम सुरू झालं होतं, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे.

रॉसने आपले वृत्तांत त्या त्या वेळी जर्मनीला पाठवले, आणि पुढे १८५५ मध्ये लेखसंग्रहात हा सगळा युक्तिवाद पुन्हा मांडला. फारसं कुणी ऐकलं नाही. कारणही समजण्यासारखं आहे. शैलीवरून काळ ठरवण्याची मोठी परंपरा उभी होती, तिच्यासमोर हा एक तुकडा आणि एका माणसाची साक्ष. चराचं छायाचित्र नाही, तशी सोयच तेव्हा नव्हती. त्याचं म्हणणं खरं ठरायला पन्नास वर्षं लागली. १८८५ ते १८९० या काळात पानायोतिस काव्वादियास आणि गेओर्ग कावेराऊ यांनी अक्रोपोलिस खडकापर्यंत खोदून काढलं. जाळपोळीच्या राडारोड्यात आर्ष (पर्शियन युद्धांच्या आधीच्या) काळातल्या रंगीत मूर्ती निघाल्या आणि लाल आकृतींची खापरंही निघाली, एक-दोन नव्हे, भरपूर. आता या शैलीचा आरंभ इ.स.पू. ५२५ च्या आसपास धरतात. रॉस तोवर जाऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती.

इथे नव्या विद्यार्थ्यांना सावध करतो. ‘जळका थर म्हणजे पर्शियन’ हे वाक्य एका ओळीत म्हणायला सोपं आहे. अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे की अक्रोपोलिसवरचे सगळे ‘पर्शियन’ भराव सारखे शुद्ध नाहीत. काहींत नंतरची भर मिसळली आहे. माती एकदा उचलून दुसरीकडे टाकली की तिच्यातल्या वस्तूंचा क्रम मोडतो. मी नवखा असताना गोदावरीच्या खोऱ्यात एका पांढरीवर काम करत होतो. (ज्यांना शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: जुन्या वस्तीच्या राखाडी-पांढरट मातीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढरी म्हणतात.) सातवाहन थरात मला हिरव्या झिलईचं मध्ययुगीन खापर मिळालं आणि मी दोन दिवस मोठ्या शोधाच्या आनंदात होतो. आमच्या ज्येष्ठांनी काही न बोलता चराची भिंत खुरपीने तासायला सांगितली. तासल्यावर एका खड्ड्याची कड दिसली. वरच्या काळातल्या कुणीतरी खोदलेला धान्याचा बळद थेट खालच्या थरात उतरला होता. खापर त्या बळदातलं होतं. रॉसच्या बाजूने एवढं सांगतो, की त्याचा तुकडा बांधकामाच्या कपच्यांच्या थराखाली बंद झालेला होता, आणि झाकण शाबूत आहे का हे त्याने पाहिलं होतं. आमच्या शिकवणीत आजही हाच पहिला प्रश्न असतो.

या दोरीचं दुसरं टोक आपल्यापर्यंत पोहोचतं, म्हणून सांगतो. भूमध्य समुद्राकाठच्या भांड्यांचा कालक्रम अशा थरांवरून पक्का होत गेला. म्हणूनच १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला इटलीतल्या अरेत्सोची लाल चकचकीत खापरं मिळाल्यावर ब्रिटिश उत्खनक मॉर्टिमर व्हीलरला त्यांच्या सोबतच्या भारतीय खापरांचा काळ सांगता आला. नेवाशाला रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले, तेव्हा तिथेही तोच हिशेब उपयोगी पडला.

रॉसची कारकीर्द मात्र या चरामुळे नाही, शिलालेखांमुळे मोडली. १८३४ मध्ये पिरेयस बंदरात बांधकामासाठी पाया खणताना अथेन्सच्या आरमाराचे हिशेब कोरलेल्या शिळा मिळाल्या. कुठल्या गोदीत किती जहाजं, कुणाकडे किती वल्ही, किती दोर, कोण किती देणं लागतो, असा सगळा तपशील, इ.स.पू. चौथ्या शतकातला. रॉसने त्यांच्या नकला उतरवून बर्लिनला आउगुस्ट ब्यॉककडे पाठवल्या. ब्यॉक प्राचीन ग्रीक शिलालेखांच्या महासंग्रहाचं काम करत होता. त्यावरून अथेन्समध्ये वादळ उठलं. परदेशी अधिकारी ग्रीसच्या ठेव्याचं प्रकाशन परदेशात करतो, हा आक्षेप. पुढाकार होता किर्याकोस पिट्टाकिस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाचा. रॉसला त्या लेखांवर काम करायची बंदी झाली आणि १८३६ मध्ये त्याने राजीनामा दिला. ब्यॉकचा ग्रंथ १८४० मध्ये आला आणि अथेन्सच्या आरमाराबद्दल त्यामुळे खूप काही कळलं.

जर्मन लेखनात पिट्टाकिसला अनेकदा अर्धशिक्षित मत्सरी माणूस म्हणून रंगवलेलं दिसतं. मला ते पटत नाही. तो अथेन्सचाच, युद्धात लढलेला. वेढ्यात सापडलेले तुर्क गोळ्यांसाठी शिसं काढायला प्राचीन खांब फोडत होते, तेव्हा खांब वाचावेत म्हणून ग्रीकांनी त्यांना शिसं देऊ केलं, अशी कथा त्याच्या नावावर सांगतात. ती कथाच असेल. पण त्या दगडांसाठी त्याने आयुष्य घातलं, हे खरं आहे. शास्त्रीय शिस्त रॉसची जास्त होती, हक्काचा प्रश्न पिट्टाकिसचा खरा होता. आपल्याकडे उत्खनन कुणी करायचं आणि छापायचं कुणी, यावरून जे तंटे होतात, ते पाहिलेल्या माणसाला यात एकाची बाजू घेणं अवघड जातं.

१८३७ मध्ये अथेन्सला विद्यापीठ निघालं आणि रॉस तिथे पुरातत्त्वाचा पहिला प्राध्यापक झाला. तो ग्रीकमधून शिकवत असे आणि प्राचीन कलेवरचं पाठ्यपुस्तकही त्याने ग्रीकमध्येच लिहिलं, १८४१ मध्ये. ज्या देशात आपण परके ठरलो, तिथल्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकवण्यासाठी ही मेहनत त्याने घेतली. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते ती मुख्यतः यासाठी.

सुट्ट्यांत तो बेटांवर जायचा. शिडाच्या होड्यांतून, शिक्षित प्रवासी सहसा फिरकत नसत अशा बेटांवर. थेरा बेटाच्या खडकांवरचे अतिप्राचीन ग्रीक लेख त्याने उतरवले. बेटांवरच्या कबरींतून निघणाऱ्या, हात पोटावर बांधलेल्या संगमरवरी बाहुल्यांकडे त्याने लक्ष दिलं आणि त्या ग्रीकांच्या आधीच्या लोकांच्या असाव्यात, असं म्हटलं. आज त्यांना आपण सायक्लेडिक मूर्ती म्हणतो आणि त्या इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातल्या आहेत. १८४० पासून त्याच्या बेटांवरच्या प्रवासाचे खंड निघत गेले. अवशेष, लोकांची घरं, बोली, पिकं असं सगळं त्यात आहे. रॉसला भेटायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

सप्टेंबर १८४३ मध्ये अथेन्सला उठाव झाला, राजाला राज्यघटना मान्य करावी लागली आणि सरकारी नोकरीतल्या परदेशीयांना काढण्यात आलं. रॉसचीही नोकरी गेली. निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टच्या प्रयत्नांनी त्याला जर्मनीतल्या हाले विद्यापीठात जागा मिळाली. रुजू होण्याआधी त्याने आशिया मायनर, ऱ्होड्स, सायप्रस पालथं घातलं.

हालेतली वर्षं सुखाची नव्हती. मणक्याच्या आजाराने तो हळूहळू जखडत गेला आणि लेखन अधिकाधिक भांडखोर होत गेलं. काही भांडणं योग्य होती. ग्रीक संस्कृती कुणाकडून काहीही न घेता आपोआप उमलली, असं मानणाऱ्यांच्या विरोधात त्याने इजिप्त आणि पूर्वेच्या प्रभावाची बाजू धरली, आणि आजचं संशोधन त्याच्या बाजूला जास्त झुकतं. थेसियोन म्हणवलं जाणारं मंदिर थेसियसचं नाही, हेही त्याने बरोबर ओळखलं. मात्र ते युद्धदेव आरेसचं, हा त्याचा तर्क चुकला. ते हेफायस्टसचं आहे.

काही भांडणांत तो साफ चुकला. १८५८ मध्ये त्याने एक पुस्तक काढलं, त्याच्या नावातच प्रश्न होता: रोमन लोक संस्कृत बोलत होते की ग्रीक? संस्कृत, ग्रीक, लॅटिन या बहिणी आहेत, हे तुलनात्मक भाषाशास्त्र तेव्हा उभं राहून चाळीसेक वर्षं झाली होती. रॉसला ते मान्य नव्हतं. लॅटिन ही ग्रीकमधूनच निघाली, असं तो हट्टाने सांगत राहिला. मातीतला क्रम इतका स्वच्छ वाचणाऱ्या माणसाने ध्वनिबदलाचे नियम वाचायचंच नाकारलं. आम्हा खोदणाऱ्यांना हा धोका नेहमीच असतो. हाताला जे लागतं त्यावर इतका विश्वास बसतो, की दुसऱ्या शास्त्राचा पुरावा पुरावाच वाटत नाही.

६ ऑगस्ट १८५९ रोजी, दीर्घ आणि असह्य दुखण्यानंतर, त्याने हालेमध्ये स्वतःचं जीवन संपवलं. वय त्रेपन्न. ग्रीसमधल्या त्याच्या आठवणी १८६३ मध्ये प्रसिद्ध झाल्या, ओटो यान या भांड्यांच्याच मोठ्या अभ्यासकाच्या प्रस्तावनेसह. जुनी जर्मन वाचता येत असेल तर त्या जरूर मिळवा. नव्या राजधानीतली धूळ, दगड फोडून नेणारे पर्यटक, बव्हेरियन कारकून, सगळं त्यात जिवंत आहे.

अथेन्सला जाणं झालं तर नीकेच्या मंदिरापाशी सगळेच थांबतात, तुम्हीही थांबा. मग गर्दी सोडून पार्थेनॉनला वळसा घाला आणि आग्नेय कोपऱ्यावर या. तिथे जोत्याच्या संगमरवरी पायऱ्यांखाली पायाच्या साध्या दगडांचे काही थर उघडे दिसतात, बाकीचे जमिनीखाली आहेत. रॉसचा चर बुजून गेला आहे, त्याच्या नावाची पाटी तिथे शोधू नका. त्या दगडांच्या रेषेवरून नजर सरळ खाली न्या आणि तुमच्या पायाखाली आणखी १० मीटर भिंत उतरत गेली आहे, अशी कल्पना करा. कपच्या, माती, पुन्हा कपच्या, आणि तळाशी कोळसा.